सहकाऱ्यांची छायाचित्रे: जागा एक, उजेड सर्वांना सारखा

प्रश्न : तालुक्याच्या गावी असलेल्या एका सहकारी पतसंस्थेत मी लेखनिक आहे. यंदा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात आणि संस्थेच्या दर्शनी फलकावर सर्व कर्मचारी आणि दैनंदिन ठेव गोळा करणारे पिग्मी एजंट अशा पस्तीस जणांची छायाचित्रे द्यायची, असे संचालक मंडळाने ठरवले आहे. माझ्याकडे कॅमेरा आहे हे सर्वांना ठाऊक असल्याने हे काम माझ्याकडे आले. जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ ची लेन्स, ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स आणि साधा ट्रायपॉड एवढेच साहित्य आहे. फ्लॅश नाही, दिवे नाहीत आणि हजार रुपयांपलीकडे खर्चाला मंजुरी मिळणार नाही. सराव म्हणून पाच-सहा जणांना भिंतीपाशी उभे करून फोटो काढले, तर डोळ्यांखाली काळे डाग, चेहऱ्यांवर हिरवट छटा आणि काही फोटोंत आडवे पट्टे आले. आमचे शिपाई सावळे आहेत आणि पांढरी टोपी घालतात. त्यांचा तर चेहराच दिसत नाही. व्यवस्थापक म्हणतात, ॲपमध्ये सगळ्यांना उजळ करून टाका. पावसाळ्याचे दिवस आहेत. काय करावे?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातील प्रत्येक तक्रारीचे मूळ उजेडात आहे, साहित्यात नाही. जे साहित्य तुम्ही कमी म्हणून सांगितले आहे ते या कामाला पुरेसे आहे, आणि ५० मिलिमीटरची लेन्स तर अशा छायाचित्रांसाठी मुद्दाम शोधून घ्यावी अशीच आहे. म्हणून हजार रुपयांत एखादा लहानसा दिवा आणण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा, कारण लहान दिव्याने सावल्या अधिक कठीण होतील आणि रंगांचा गोंधळ वाढेल. त्याऐवजी कार्यालयात एकच अशी जागा शोधावी की जिथे दिवसाचा उजेड एका बाजूने आणि भरपूर येतो, आणि मग पस्तीसही जणांना त्याच जागी, त्याच अंतरावर, त्याच उजेडात बसवावे. या उत्तरातील बाकीच्या बहुतेक सूचना या एका निर्णयातूनच निघतात.

आधी तुमचे सरावाचे फोटो का बिघडले ते पाहू. छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड डोक्यावरून खाली पडतो, त्यामुळे भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाची सावली ओठांवर पडते. डोळ्यांखालचे काळे डाग म्हणजे हीच सावली होय. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात हिरव्या रंगाचा भाग जास्त असतो, स्वस्त एलईडी पट्ट्यांमध्येही पुष्कळदा तोच दोष आढळतो, आणि त्यात खिडकीतून येणारा निळसर उजेड मिसळला की चेहऱ्याची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची होते. हे मिश्रण नंतर संगणकावर नीट सुधारता येत नाही, कारण एका बाजूचा रंग बरोबर केला की दुसरी बाजू बिघडते. आडव्या पट्ट्यांचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो; डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगाने चालवले की कॅमेऱ्याला या चढउताराचा एखादा तुकडाच मिळतो आणि चित्राचा काही भाग उजळ, काही भाग काळपट येतो. दिव्यांखालीच फोटो काढावा लागला तर शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवल्याने पट्टे जातात. मात्र तुमच्या कामासाठी त्याहून सोपा उपाय असा की, ज्या खोलीत फोटो काढाल तिथले सर्व दिवे तेवढ्या वेळापुरते बंद करावेत. दिवे बंद केल्यावर खोली अंधारल्यासारखी वाटेल आणि सहकारी तसे बोलूनही दाखवतील, पण कॅमेऱ्याला खिडकीपाशी पुरेसा उजेड मिळतो.

आता खिडकी निवडण्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण अर्धे काम तिथेच होते. वीज येण्यापूर्वी छायाचित्रांचे स्टुडिओ उत्तरेकडे काचेचे छत किंवा मोठी तावदाने ठेवून बांधत असत, कारण उत्तर गोलार्धात त्या दिशेने थेट ऊन सहसा येत नाही आणि आकाशाचा मऊ, स्थिर उजेड दिवसभर मिळतो. छायाचित्रणाच्या पुस्तकांतून उत्तरेच्या खिडकीची जी शिफारस आढळते तिचे कारण हेच आहे. परंतु ती पुस्तके बहुधा युरोप-अमेरिकेतील अक्षांश गृहीत धरून लिहिलेली असतात. आपल्याकडे मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, आणि साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या पूर्वार्धापासून जुलैअखेरपर्यंत तो दुपारीही डोक्यावरून किंचित उत्तरेकडेच असतो. त्यामुळे तुम्ही ज्या महिन्यांत हे काम करणार आहात त्या महिन्यांत ढग फाकले तर उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ ऊन येऊ शकते. खिडकीवर छज्जा असेल तर दहानंतरचे ऊन आत येत नाही आणि आभाळ भरलेले असेल तर दिशेचा प्रश्नच उरत नाही. म्हणून दिशेपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: खिडकी मोठी असावी, तिच्यातून आकाशाचा बराच भाग दिसावा आणि फोटो काढण्याच्या वेळेत थेट ऊन आत येऊ नये. ऊन येतच असेल तर जुने पांढरे धोतर किंवा मलमलीचे कापड खिडकीवर ताणून लावावे, म्हणजे ते सबंध कापडच उजेडाचा स्रोत होते आणि सावल्यांच्या कडा विरघळतात. खिडकीच्या गजांची किंवा जाळीची चिंता करू नये. थेट ऊन नसेल तर त्यांच्या सावल्या चेहऱ्यावर उमटत नाहीत.

पावसाळ्यात दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर त्याच्या ओल्या पानांवरून येणारा उजेड हिरवा असतो, आणि पावसापासून बचाव म्हणून बाहेर निळी ताडपत्री बांधलेली असेल तर उजेड निळा होतो. ताडपत्री दोन तास सोडून ठेवता आली तर पाहावे; झाड असलेली खिडकी शक्यतो निवडू नये. काचांवर उन्हासाठी लावलेली काळी फिल्म किंवा संस्थेच्या जाहिरातीचे चिकटपत्र असेल तर काच बंद ठेवून काम होणार नाही, तावदान उघडावेच लागेल. अनेक पतसंस्था व्यापारी संकुलात असतात आणि तिथे धड खिडकीच नसते. तुमच्याकडेही तशी स्थिती असेल तर मुख्य दाराचे शटर पूर्ण वर करून माणसाला शटरच्या आत तीन-चार फुटांवर, तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवावे आणि तुम्ही उंबरठ्यापाशी किंवा पायरीवर उभे राहावे. वरून येणारा उजेड छतामुळे अडतो, समोरचा उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि मागे कार्यालयाचा अंधार शांत पार्श्वभूमी म्हणून मिळतो. रस्त्यावरची माणसे थांबून पाहू लागतात ही त्यातली अडचण आहे, त्यामुळे हे काम कार्यालय उघडण्याच्या आधी करावे.

खिडकी ठरली की तिच्यापासून तीन-चार फुटांवर पाठ नसलेले एक साधे स्टूल ठेवावे. पाठीची खुर्ची दिली की माणूस तिच्यात रेलतो, खांदे वर येतात आणि मान आत जाते. खिडकी माणसाच्या अगदी बगलेला नसावी, तर किंचित समोर, तिरकी असावी, म्हणजे जवळच्या गालावर पूर्ण उजेड पडेल आणि दूरच्या गालावर थोडा कमी. माणूस खिडकीला फार चिकटला तर दूरचा गाल काळवंडतो आणि फार लांब गेला तर उजेड सपाट व मंद होतो. त्या दूरच्या गालाच्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका, कडक तक्ता) किंवा दोन पांढरे कार्डशीट जोडून उभे करावेत. खिडकीचा उजेड त्यावरून परत येऊन सावली भरून काढतो. चांदीसारखा चमकणारा कागद लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा उजेड तीव्र असतो आणि डोळे मिचकावले जातात. तुमच्या हजार रुपयांतील खर्च करण्याजोगी वस्तू हा सनबोर्डच आहे, आणि तो पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडेल. खिडकी जमिनीपर्यंत खाली आलेली असेल तर तिचा खालचा भाग गडद कापडाने झाकावा. खालून येणाऱ्या उजेडाने चेहरा विचित्र दिसतो.

माणसाच्या मागची भिंत निदान पाच-सहा फूट दूर असावी, म्हणजे तिच्यावर सावली पडत नाही आणि तिच्यावरचे पोपडे, खिळे, ओल दिसत नाही. कार्यालयांतून आढळणारा फिका हिरवा किंवा गुलाबी डिस्टेंपर पार्श्वभूमीला चालेल, पण अशी रंगीत भिंत माणसाच्या बाजूला लागून नसावी, नाहीतर तिचा रंग गालावर येतो. मागे ती भिंत नको असेल तर करड्या रंगाची साधी चादर इस्त्री करून लावावी. स्टुलाचे पाय, ट्रायपॉडचे पाय आणि सनबोर्डची जागा फरशीवर चिकटपट्टीने आखून ठेवावी. एका दिवसात काम संपणार नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळे जसेच्या तसे मांडता आले नाही, तर फलकावर पस्तीस चेहरे शेजारी लागल्यावर फरक लगेच उठून दिसेल.

कॅमेऱ्याच्या बाबतीत फार शोधण्यासारखे काही नाही. ५० मिलिमीटरची लेन्स लावून सहा-सात फुटांवर कॅमेरा उभा धरला की तुमच्या डीएसएलआरच्या लहान सेन्सरवर कमरेपासून डोक्यापर्यंत चौकट भरते. याहून जवळ जाऊन १८ मिलिमीटरने काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान दिसतात. तो दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो, आणि मोबाइलने हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत चेहरे अनोळखी दिसतात तेही त्याच कारणाने. लेन्सवर एफ/१.८ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) लिहिलेले आहे म्हणून तेच वापरायला हवे असे नाही. दोन मीटरवर एफ/१.८ ला जेमतेम ११ सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते आणि माणूस श्वास घेताना हलला तरी डोळे धूसर होऊ शकतात; एफ/४ ला हीच खोली साधारण २४ सेंटिमीटर होते. म्हणून एफ/४, शटर १/१२५ आणि आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८०० ते १६०० पासून सुरुवात करावी, आभाळ फारच अंधारून आले तर ३२०० पर्यंत जाण्यास हरकत नाही. अहवालात चार-पाच सेंटिमीटरच्या छापील फोटोत त्या आयएसओचे दाणे दिसत नाहीत, परंतु हललेला किंवा डोळ्यांवर फोकस नसलेला फोटो मात्र तेवढ्या लहान आकारातही कळतो. फोकसचा एकच बिंदू निवडून तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. कॅमेऱ्याची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी असावी आणि प्रत्येक माणसागणिक ती बदलून घ्यावी. उंच माणसाला खालून आणि ठेंगण्या माणसाला वरून पाहणारा कॅमेरा दोघांवरही अन्याय करतो. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात साठवावेत. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा दमट हवेत आणला की लेन्सवर बाष्प धरते, तेव्हा अर्धा तास आधी तो बॅगेतच त्या खोलीत नेऊन ठेवावा.

आता सावळ्या चेहऱ्यांचा प्रश्न, ज्याबद्दल मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याला मध्यम करड्या छटेकडे ओढतो. चौकटीत पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि फिकी भिंत असली की त्याला दृश्य फार उजळ वाटते, तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळा पडतो. शिपाईकाकांच्या फोटोत हेच झाले आहे. त्यांच्या रंगाचा त्यात काही दोष नाही. उलट गोऱ्या माणसाने गडद कपडे घातले तर हाच मापक त्याला पांढराफटक करील. म्हणून स्वयंचलित पद्धत बंद करून मॅन्युअल वापरावे आणि माप चेहऱ्यावरून न घेता त्या जागी पडणाऱ्या उजेडावरून घ्यावे. त्यासाठी स्टुलावर चेहऱ्याच्या जागी एक कोरा पांढरा कागद धरून फोटो काढावा आणि तो पांढरा दिसेल, पण त्याचा पोत पूर्ण उडणार नाही, इतपत एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) ठरवावे. व्हाइट बॅलन्सही (पांढरा रंग पांढराच यावा यासाठीची जुळणी) याच कागदावर घ्यावा. मात्र काही कागद छुप्या निळसर झाकेचे असतात, तेव्हा छायाचित्रणाचे करडे कार्ड मिळाल्यास अधिक चांगले. एकदा हे आकडे ठरले की उजेड बदलेपर्यंत कोणासाठीही बदलू नयेत. पडणारा उजेड तोच आणि आकडे तेच राहिले की गोरा माणूस गोरा, गव्हाळ माणूस गव्हाळ आणि सावळा माणूस सावळा येतो, प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि टोपीची वीणही शाबूत राहते. पावसाळ्यात ढग सरकले की खिडकीचा उजेड काही मिनिटांत निम्मा किंवा दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक नव्या व्यक्तीच्या आधी कागदाचा फोटो पुन्हा काढावा आणि फरक आयएसओने भरून काढावा.

सावळा चेहरा चांगला दिसण्यासाठी तो उजळ करावा लागतो, हा समज खोडून काढण्याची गरज आहे. गडद त्वचेचे सौंदर्य तिच्यावरील तकाकीत असते. गालाचे हाड, कपाळ, नाकाचा दांडा यांवर मोठ्या खिडकीची मऊ झळाळी पडली की चेहऱ्याला आकार येतो. म्हणून मांडणी ठरवतानाच, एक्स्पोजर वाढवण्याऐवजी, सर्वांसाठीच स्टूल खिडकीच्या अर्धा फूट जवळ सरकवावे आणि सनबोर्ड थोडा आत घ्यावा. कपाळावरचा घाम मात्र तकाकीत धरू नये, तो रुमालाने टिपावा.

व्यवस्थापकांना काय सांगायचे, हेही यातच आले. ते कदाचित सद्भावनेनेच म्हणत असतील, आपली माणसे देखणी दिसावीत असे त्यांना वाटत असेल. पण ॲपने उजळ केलेला चेहरा त्या माणसाचा राहत नाही. तुमच्या पिग्मी एजंटांचेच पाहा. सभासद दुकानाच्या गल्ल्यातून रोज पैसे काढून त्यांच्या हाती देतात, आणि संस्थेच्या फलकावर त्यांचे छायाचित्र लावण्याचा एक मोठा उपयोग हाच की पैसे नेणारा माणूस संस्थेचाच आहे हे सभासदाला पडताळता यावे. बाजारपेठेत दिवसभर उन्हात फिरून ज्याचा चेहरा रापला आहे, त्याला फलकावर गोरापान दाखवला तर ती ओळखच पटत नाही. हा मुद्दा व्यवस्थापकांना पटण्यासारखा आहे आणि तो त्यांच्याच हिताचा आहे. शिवाय ज्याला न विचारता उजळ केले जाते, त्याला आपल्या चेहऱ्यात संस्थेला काय कमी वाटले ते कळते, आणि तो ते विसरत नाही. मोबाइलवर कोणाचा फोटो काढायची वेळ आलीच तर ‘ब्युटी’ नावाची सोय आधी बंद करावी, कारण अनेक मोबाइलमध्ये ती मुळातच चालू असते. आणि मोबाइल जवळ न नेता दुप्पट झूमवर ठेवून मागे सरकावे.

सारख्या उजेडाचा आग्रह मी केवळ फलक नीटनेटका दिसावा म्हणून धरत नाही. अर्व्हिंग पेन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९५० साली पॅरिसमध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, नैसर्गिक उजेडात, रंगभूमीचा एक जुना पडदा मागे टांगून उंची फॅशनची छायाचित्रे काढली आणि त्याच दिवसांत त्याच जागी शहरातल्या कष्टकऱ्यांना त्यांच्या कामाच्या कपड्यांत, हातात अवजारे घेऊन उभे केले. खाटीक असो की आचारी, पडदा तोच आणि उजेडही तोच होता. ती छायाचित्रे आज पाहिली तरी त्या माणसांचा रुबाब जाणवतो, आणि तो कोणत्याही महागड्या दिव्यांनी आणलेला नाही. तुमच्या कार्यालयातही व्यवस्थापकांचा फोटो त्यांच्या केबिनमध्ये, रोखपालाचा काउंटरच्या जाळीआड आणि सफाई करणाऱ्या मावशींचा व्हरांड्यात, असे करू नका. सगळ्यांना त्याच स्टुलावर बसवा, सगळ्यांना सारखाच वेळ द्या आणि चौकटीत सगळ्यांचे डोके सारख्याच आकाराचे ठेवा. कामाच्या जागेवरचे फोटो हवेच असतील, तर ते नंतर आणि सर्वांचेच काढावेत.

वेळेचे नियोजन करताना प्रत्येकाला निदान सहा-सात मिनिटे धरावीत आणि काम तीन सकाळींमध्ये वाटावे. आठवडी बाजाराचा दिवस आणि पगार-पेन्शनच्या गर्दीचे दिवस टाळावेत. पिग्मी एजंट साधारणपणे संध्याकाळी भरणा करायला येतात तेव्हा थकलेले असतात आणि पावसाळ्यात उजेडही गेलेला असतो. त्यांना आणि वसुलीसाठी बाहेर असणाऱ्यांना सकाळी फेरीवर निघण्यापूर्वी बोलवावे. हे आधी कळवले नाही तर शेवटी तेवढ्याच मंडळींचे फोटो ट्यूबलाइटखाली घाईने उरकले जातात, आणि फलकावर तेच वेगळे पडतात. सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि अहवाल त्याआधी सभासदांच्या हाती जायला हवा, हे ध्यानात घेऊन छापखान्याची तारीख विचारावी आणि मागे मोजत यावे.

समोर बसलेल्या माणसाशी बोलत राहणे हे कॅमेऱ्याच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे. ट्रायपॉडचा खरा फायदा इथे होतो: चौकट पक्की असल्याने तुम्ही डोके वर काढून माणसाच्या डोळ्यांत पाहू शकता. ‘हसा’ असे सांगू नये. सांगितलेले हसू ओठांवरच थांबते. कामाबद्दल विचारावे. रोखपालाला विचारा की नोटा मोजताना खोटी नोट बोटांना कशी कळते, वसुली अधिकाऱ्यांना विचारा की कुठल्या वाडीचा रस्ता पावसात बंद होतो. उत्तर देऊन झाल्यावर क्षणभर माणूस स्वतःच्या मनात असतो, आणि तो क्षण टिपावा. पहिले पाच-सहा फोटो केवळ सवय व्हावी म्हणून काढावेत, मग एखादा चांगला फोटो त्यांना पडद्यावर दाखवावा. आपण बरे दिसतो आहोत हे दिसले की खांदे आपोआप खाली येतात. खांदे खिडकीकडे थोडे वळलेले, चेहरा कॅमेऱ्याकडे, हनुवटी किंचित पुढे आणि जराशी खाली, एवढी बैठक पुरे. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा लहानसा उजळ ठिपका दिसतो की नाही ते पाहावे. तो नसेल तर डोळे निस्तेज वाटतात आणि चेहरा खिडकीकडे थोडा वळवावा लागतो. पंखा तेवढ्यापुरता बंद ठेवावा, नाहीतर केस आणि पदर हलत राहतात.

कपड्यांची सक्ती करू नये, फक्त आदल्या दिवशी सूचना द्यावी की फार बारीक चौकडी टाळावी आणि ओळखपत्राची नाडी व खिशातील पेन काढून ठेवावेत. जो रोज टोपी घालतो त्याने टोपी घालावी, जी डोक्यावर पदर किंवा ओढणी घेते तिने ती घ्यावी. तिची सावली कपाळावर पडत असेल तर चेहरा खिडकीकडे वळवावा, पदर मागे सारायला सांगू नये. निऱ्या, पदर, मंगळसूत्र सरळ करायचे असेल तर स्वतः हात न लावता एखाद्या सहकारी भगिनींना तिथे थांबण्याची विनंती करावी. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलाव्यात, म्हणजे काचा थोड्या खाली झुकतात आणि चमक निघून जाते. चष्मा काढायला लावू नये, कारण नेहमी चष्मा लावणारा माणूस चष्म्याशिवाय ओळखू येत नाही. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर त्या व्यक्तीने बाहेरून आल्यावर काही मिनिटे आत थांबून मग बसावे.

छायाचित्र फलकावर, अहवालात आणि पुढे कदाचित संकेतस्थळावर जाणार असेल, तर ते कुठे कुठे जाणार हे प्रत्येकाला आधी सांगून लेखी संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम २०२३ पासून या गोष्टीला कायद्याचीही बाजू आली आहे, परंतु कायदा नसता तरी सहकाऱ्यांना विचारणे योग्यच झाले असते. तीन-चार चांगल्या फोटोंतून कोणता द्यायचा हे ज्याचे त्याला निवडू द्यावे. एखाद्या भगिनीला संकेतस्थळावर फोटो नको असेल तर कारण विचारत बसू नये.

संगणकावरचे काम थोडे ठेवावे. डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. एका सकाळच्या फोटोंपैकी एकावर व्हाइट बॅलन्स व उजळपणा ठरवून तोच बाकीच्यांना लावावा आणि मग सगळ्यांचे डोळे एकाच रेषेवर येतील असे कापून घ्यावे. त्या दिवशी उठलेली पुटकुळी पुसायला हरकत नाही, कारण ती आठवड्याने जाणारच असते. व्रण, तीळ आणि सुरकुत्या त्या माणसाच्या आहेत, त्या राहू द्याव्यात. छापखान्याला फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवू नयेत, तिथे ते दाबले जातात; पेनड्राइव्हवर द्यावेत किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. प्रत्येक फाइलला कर्मचारी क्रमांक द्यावा आणि क्रमांक, नाव, हुद्दा यांची यादी वेगळी जोडावी, म्हणजे एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचे नाव पडणार नाही.

छापखान्यात एक गोष्ट आवर्जून विचारावी, ती म्हणजे आतली पाने आर्ट पेपरवर (गुळगुळीत, चकचकीत कागद) छापणार की मॅपलिथोवर (साधा, बिनचकाकीचा कागद). मॅपलिथो शाई शोषून घेतो, ठिपके पसरतात आणि छायाचित्रे पडद्यावर दिसतात त्यापेक्षा काळपट उमटतात; त्याचा फटका सर्वांत आधी शिपाईकाकांच्या आणि पिग्मी एजंटांच्या चेहऱ्यांना बसेल. तेव्हा सबंध काम छापायला देण्यापूर्वी सर्वांत सावळा आणि सर्वांत गोरा असे दोन चेहरे शेजारी ठेवून त्याच कागदावर एक नमुना पान काढून घ्यावे, ते दिवसाच्या उजेडात पाहावे, आणि काळपट वाटले तर पस्तीसही छायाचित्रे सारख्याच प्रमाणात थोडी उजळ करून नवा संच द्यावा.